जावासी: कामाला चोख, पण नको तिथे गप्प

दहा वर्षं आयडीईच्या (कोड लिहायच्या-चालवायच्या ॲपच्या) हिरव्या बटणावर काढली. गेल्या महिन्यात मात्र एका सर्व्हरवर नुसत्या टर्मिनलशी गाठ पडली आणि जेडीकेमधला (जावाच्या साधनसंचातला) जावासी, म्हणजे जावाचा कंपायलर, थेट हाताने चालवावा लागला. पाचपैकी साडेतीन तारे देतेय. दीड का कापला ते सांगते.

माझ्या दोन सोर्स फाइली, आणि लिब फोल्डरमध्ये जीसन या लायब्ररीची जार (तयार कोडची एकत्र बांधलेली फाइल). कमांड दिली तर उत्तर 'पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट', आणि खाली 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल'ची ही भलीमोठी रांग. मी त्या रांगेच्या मागे लागले. वेडेपणा! दुखणं पहिल्याच ओळीत होतं, बाकीची सगळी त्याची पिल्लं.

पण जार तर मी -सीपीत (म्हणजे क्लासपाथमध्ये, कोड कुठे शोधायचा त्या जागांच्या यादीत) दिली होती ना? अर्धा तास इम्पोर्टची अक्षरं तपासली. मग एलएस करून फोल्डरमधल्या फाइलींची यादी पाहिली तेव्हा दिसलं, जारच्या नावातला आवृत्तीचा आकडाच मी चुकवला होता. त्या नावाची फाइल डिस्कवर नव्हतीच, आणि जावासीने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता! क्लासपाथमधली नसलेली जार तो गुपचूप वगळतो. एक तारा इथे गेला. राग याचा की सांगायची सोय त्याच्यापाशी आहे: -एक्सलिंट:पाथ घाला (एक्स कॅपिटल), लगेच 'बॅड पाथ एलिमेंट' म्हणून त्या जारचं नाव छापतो. मग ही सूचना आपणहून का देत नाही?

नाव सुधारलं, तर आता त्याच फोल्डरमधली माझी दुसरी फाइल त्याला सापडेना. क्लासपाथ काहीच दिला नसेल तर तो चालू फोल्डर बघतो. -सीपी दिलं की तो फोल्डर यादीतून बाद. चालू फोल्डरसाठीचं टिंब आपण लिहायचं. नियम आहे, मान्य, पण अर्धा तारा कापलाच.

विंडोजवरची कमांड लिनक्सवर चिकटवून झालेली फजिती त्याच्या माथी मारत नाही. विंडोजवर क्लासपाथमधली नावं सेमीकोलनने वेगळी करतात; लिनक्सवर तो दिसला की शेलच्या (टर्मिनलमधल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी कमांड संपली. जावासी म्हणतो 'नो सोर्स फाइल्स', आणि शेल उरलेल्या जारलाच प्रोग्राम समजून चालवायला जातं: 'परमिशन डिनाइड'. लिनक्सवर तिथे कोलन हवा.

आवडलं ते क्लासपाथमधलं लिब/*, म्हणजे लिबमधल्या सगळ्या जार. २००६च्या जावा ६ पासून आहे, एकेक जार लिहायची कटकट नाही. अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर शेलच ते उलगडून ठेवतं. पोटफोल्डरमधल्या जार मात्र त्यात येत नाहीत.

आता माझ्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये -एक्सलिंट:पाथ कायमचं आहे. परवा सहकाऱ्याने ते 'कशाला हवंय?' म्हणून काढलं होतं. मी परत घातलं.