फ्रेज की डिपेंडंट क्लॉज?

इंग्रजी वाक्यातला तुकडा फ्रेज (नुसता शब्दसमूह) आहे की डिपेंडंट क्लॉज (दुसऱ्या वाक्यावर अवलंबून असलेलं उपवाक्य), हे कसं ओळखायचं? गोदावरीच्या पुराचं वाक्य घ्या. ‘बिकॉज ऑफ द फ्लड’ ही फ्रेज, कारण त्यात कर्ता-क्रियापदाची जोडी नाही. ‘बिकॉज द गोदावरी रोझ’ हा डिपेंडंट क्लॉज: ‘गोदावरी’ कर्ता, ‘रोझ’ (चढली) भूतकाळी क्रियापद. तरी ‘बिकॉज’मुळे अर्थ अधांतरी राहतो. तिथेच पूर्णविराम दिला की वाक्य अर्धवट. स्वल्पविराम देऊन ‘वी अव्हॉइडेड रामकुंड’ (आम्ही नाशिकचं रामकुंड टाळलं) जोडा.

आपली खरी अडचण मराठीत आहे. ‘पुरामुळे’ आणि ‘पूर आल्यामुळे’ दोन्हींत ‘मुळे’च, म्हणून ‘बिकॉज ऑफ द गोदावरी रोझ’ असं हमखास लिहिलं जातं. इथला ‘ऑफ’ काढायलाच हवा.

‘स्टँडिंग निअर रामकुंड’ फार फसवं! ‘स्टँडिंग’ क्रियापदासारखं दिसतं, पण एकट्याने काळ दाखवत नाही, म्हणून ही फ्रेजच.