जुनी सोसायटी की नवा टॉवर? मुलुंडमध्ये घर घेणाऱ्यांसाठी

महिन्यातून दोन-तीन जोडपी तरी माझ्याकडे हाच पेच घेऊन येतात. बजेट ठरलेलं असतं, मुलुंडही ठरलेलं असतं. अडतं ते एकाच ठिकाणी. पूर्वेला गव्हाणपाडा, नवघर रोड, मिठागर रोड या पट्ट्यातल्या जुन्या चार मजली सोसायटीत घ्यायचं, की थोडं कर्ज वाढवून पश्चिमेला एलबीएस रोडवरच्या टॉवरमध्ये? दोन्हीकडची घरं मी दाखवतो. दलालीची टक्केवारी एकच, उलट टॉवर महाग म्हणून तिथे दोन पैसे जास्तच सुटतात. तेव्हा पुढे माझं माप कुठे झुकलेलं दिसलं, तर ते धंद्यापायी नाही एवढं लक्षात घ्या.

मी दोन्हीकडे राहिलोय. लहानाचा मोठा झालो पूर्वेच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. मग तो फ्लॅट भाड्यानं देऊन तीन वर्षं आम्ही टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. विकत घेण्याआधी अंदाज यावा म्हणून. आई, बायको, मी आणि दोन मुलं. आता परत जुन्या घरात आहोत.

टॉवरच्या बाजूनं आधी बोलतो, म्हणजे त्याच्यावर अन्याय व्हायला नको. आमच्या जुन्या घराला 54 पायऱ्या आहेत आणि आईचे गुडघे दुखतात. टॉवरमध्ये ती रोज संध्याकाळी खाली उतरायची, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत, दोन फेऱ्या मारायची. वीज गेली तरी लिफ्ट जनरेटरवर चालायची. पाणी चोवीस तास. पूर्वेला अजूनही आमच्याकडे पाणी सुटण्याच्या वेळा असतात आणि गच्चीवरची टाकी धुवायची असली की आदल्या रात्री बादल्या भरून ठेवाव्या लागतात. मुलं गाड्यांच्या मधून क्रिकेट खेळत नव्हती, त्यांना वेगळी जागा होती. मेव्हणी आमच्याकडे मुक्कामाला असली की उशिराची पाळी करून रात्री दीडला यायची, तर गेटवर माणूस जागा आहे याचा आम्हाला खरंच आधार वाटायचा. या सोयी लहान नाहीत. घरात ज्येष्ठ माणूस असेल आणि जुन्या इमारतीला लिफ्ट नसेल, तर पुढचं काही न वाचता टॉवर घ्या असं मी स्वतः सांगतो. आम्ही परत आलो ते सोसायटीनं लिफ्ट बसवायला घेतली तेव्हाच.

पार्किंगचं थोडक्यात. जुन्या सोसायटीत 'स्टिल्टचं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग फ्लॅटबरोबर विकतोय, त्याचे वेगळे पैसे द्या' असं मालक म्हणाला तर जरा थांबा. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सांगितलंय की बिल्डरला स्टिल्टमधली जागा स्वतंत्र विकता येत नाही, ती सोसायटीची. सोसायटीचं वाटपाचं पत्र बघा, नंतर पैशांचं बोला.

जुन्या घराची खरी डोकेदुखी गळती. वरच्यांच्या बाथरूममधून तुमच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल येते. वरचे म्हणतात सोसायटीनं करावं, सोसायटी म्हणते वरच्यांनी करावं. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, हे वाटून दिलेलं आहे: संडास-बाथरूम, सिंकची आतली गळती ज्याची त्यानं दुरुस्त करायची, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप सोसायटीनं. पण कागदावर असणं वेगळं आणि वरच्या काकांनी लादी फोडायला हो म्हणणं वेगळं. आमच्याकडे त्यात दोन पावसाळे गेले. म्हणून जुना फ्लॅट बघायला जाल तेव्हा हॉलमध्ये रेंगाळू नका. सरळ बाथरूममध्ये जाऊन मान वर करा. छताला नुकताच रंग मारलेला असेल तर शेजाऱ्याची बेल वाजवून विचारा. इमारत 30 वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा, तो देणं सोसायटीला जड जाता कामा नये.

जुन्याच्या बाजूनं एक हिशेबाची गोष्टही आहे. 2022 पासून मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे. पूर्वेची बरीच जुनी घरं त्यात बसतात, टॉवरमधला टू बीएचके सहसा बसत नाही. त्यात टॉवरचा मेंटेनन्स दरमहा जातो. तरण तलावात तुम्ही उतरा किंवा उतरू नका, त्याचे पैसे जातातच.

पण हे सगळं आम्ही धरून चाललो होतो. यातल्या कशामुळे आम्ही परत आलो नाही. आम्ही परत आलो ते कपडे वाळत घालायला जागा नव्हती म्हणून.

ऐकायला किरकोळ वाटेल. घर बघताना मलाही वाटलं होतं. टॉवरमध्ये स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी होती. मी टेप लावला, तीन फूट बाय साडेचार. त्यात वॉशिंग मशीन, वर एसीचं बाहेरचं युनिट. उरलेल्या जागेत माणूस आडवा वळला की कोपर भिंतीला लागायचं. खिडकीबाहेर दोरी बांधायची नाही, दांडी लावायची नाही, ग्रिल बाहेर काढायचं नाही, हा नियम. नियमात चूक आहे असंही मी म्हणणार नाही. सतराव्या मजल्यावरून ओली चादर उडाली किंवा नुसता लोखंडी हँगर खाली पडला, तर कुणाचा तरी जीव जाईल. इमारतीचं बाहेरचं रूप सारखं दिसावं हेही त्यांना हवं असतं. पण जून ते सप्टेंबर पाच माणसांचे कपडे कुठे जाणार?

ते हॉलमध्ये आले. आधी एक घडीचा स्टँड, मग दोन. सोफ्याच्या पाठीवर टॉवेल, जेवणाच्या खुर्च्यांवर मोजे, मुलांच्या खोलीत दाराच्या कडीला युनिफॉर्म. दिवसरात्र पंखा चालू. तरी सकाळी शर्टाची कॉलर आणि पँटची शिवण ओलीच. बायको इस्त्री फिरवायची, वाफ निघायची आणि मग तो कुबट वास. दुसरीतला धाकटा एकदा दप्तर पाठीला लावता लावता थांबला आणि म्हणाला, 'आई, माझ्या अंगाला वास येतो असं मुलं म्हणतात.' त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी ड्रायर घेऊ म्हटलं, तर ठेवायचा कुठे हाच प्रश्न. आणि हॉलमध्ये कपडे असले की कुणाला घरी बोलवायला संकोच वाटतो. पाहुणे येणार म्हटलं की आधी सगळं काढून बेडरूममध्ये कोंबायचं. हळूहळू आम्ही बोलावणंच कमी केलं. तीन पावसाळे असे गेले.

गॅलरी गेली कुठे, याला कारण आहे. पूर्वी मुंबईत बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे ठरावीक मर्यादेत एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायला परवानगी असते त्या हिशेबात, धरत नसत, म्हणून बिल्डर त्या द्यायचे. 2012 मध्ये नियमावली बदलली. ही जागा एफएसआयमध्ये मोजायला लागले आणि बदल्यात 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा, एफएसआय दिला. मग जो फूट मोजलाच जातो, तो खोलीतच घातलेला बरा, कारण गिऱ्हाईक हॉलची लांबी विचारतं. कपडे कुठे वाळतील हे इतक्या वर्षांत मला फार थोड्यांनी विचारलंय, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायकाच.

आता जुनं घर. गॅलरीच्या छताला चार दांड्या, कोपऱ्यात काठी. काठीच्या टोकावर कपडा घ्यायचा, दांडीवर टाकायचा, काठीनंच पसरायचा. आई हे पन्नास वर्षं करते आहे. साडीच्या दोन्ही कडा ती खालूनच अशा जुळवते की इस्त्रीची गरज पडत नाही. बाहेर ग्रिलमध्ये आणखी दोन दोऱ्या. खाडीकडचा वारा आरपार जातो. जुलैतही दोन तास उघडीप मिळाली तर पातळ कपडे वाळून निघतात.

आणि पाऊस आला की आमच्याकडे हाक येते. तळमजल्यावरच्या काकू दुपारी दारात बसून भाजी निवडत असतात. पहिले चार थेंब त्यांनाच दिसतात. 'पाऊस आला गं, कपडे काढा!' एवढंच. लगेच चारही मजल्यांवर खिडक्या वाजतात, हात बाहेर येतात, चिमटे पटापट निघतात. एखाद्या ग्रिलमधले कपडे तसेच राहिले तर काकू मजल्यासकट नाव घेऊन हाक मारतात. कुणी बाहेर गेलं असेल तर शेजारी किल्ली असते, कपडे काढून पलंगावर घडी करून ठेवलेले मिळतात. टॉवरमध्ये माणसं वाईट नव्हती. गणपतीला क्लबहाउस भरायचं, आजारपणात ग्रुपवर दहाजण मदत विचारायचे. पण नॅशनल पार्कच्या डोंगरावरून सर उतरताना आम्ही सतराव्या मजल्यावरून, बंद काचेमागून बघायचो. दृश्य फार सुंदर असायचं. त्या काचेपलीकडून कुणाची हाक येणं मात्र शक्य नव्हतं.

तेव्हा माझं मत विचाराल तर, इमारत मजबूत असेल, लिफ्ट असेल किंवा होणार असेल, तर मी पूर्वेची जुनी सोसायटी घेईन. तुमचं वेगळं असू शकतं. दोघंच असाल, दोघंही दिवसभर कामाला, कपडे बाहेर धुवायला देत असाल, तर टॉवर तुम्हाला सुखाचा जाईल. सहा-आठ वर्षांत मेट्रो 4 मुळे एलबीएस रोडचं महत्त्व वाढेल असंही बरेच जण धरून चाललेत, मलाही ते पटतं. शक्य असेल तर आधी 11 महिन्यांच्या करारावर राहून बघा, आणि ते 11 महिने असे निवडा की त्यात पूर्ण पावसाळा येईल. तेवढं जमत नसेल तर निदान रविवारी सकाळी दहाला इमारतीखाली उभं राहून खिडक्यांकडे बघा. कपडे दिसले तर ते कुठे आणि कसे टाकलेत ते बघा. दिसले नाहीत, तर ते घरात कुठे असतील याचा विचार करून मग वर जा.

एक गोष्ट राहिली. जुनी सोसायटी जुनी राहणार नाही. पुनर्विकास आज ना उद्या दारात येतोच, आमच्याही आलाय. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79ए खाली पुनर्विकासाची सभा झाली, निम्म्याहून अधिक संमती आली, आर्किटेक्टनं पडद्यावर नकाशे दाखवले. चारच्या जागी बावीस मजले. लोक वाढीव कार्पेट (घराच्या आतलं क्षेत्रफळ) विचारत होते, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी रक्कम) विचारत होते, आणि ते विचारायलाच हवं. मी उठून ड्राय बाल्कनीचं माप विचारलं. तीन बाय साडेचार. मी म्हटलं, आमच्या प्रत्येकाच्या हॉलमधला एकेक फूट कमी करा आणि तो तिथे टाका, वर दांड्या बसतील एवढी उंची आणि बाहेर उघडणारी जाळी द्या. सभागृहात क्षणभर शांतता झाली. मग मागून तळमजल्यावरच्या काकूंचा आवाज आला, 'लिहून घ्या हो ते.' आर्किटेक्टनं लिहून घेतलंय. सुधारित नकाशा दिवाळीनंतर येणार आहे.