रोझमेरी तेल: आठ महिने लावल्यावर

भांग रुंदावतोय हे आधी आईच्या लक्षात आलं. माझ्या डोक्याला तेल लावताना ती म्हणाली, "अगं, टाळू दिसायला लागलीय तुझी." डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूला लावायचं केस वाढवणारं औषध, सुचवलं. मी त्यांना विचारूनच आधी रोझमेरी लावून बघायचं ठरवलं. सहा महिने फरक विचारू नका, एवढं त्यांनी बजावलं.

ते खरं होतं. 2015 साली इराणमध्ये 100 पुरुषांवर अभ्यास झाला. निम्म्यांना रोझमेरी, निम्म्यांना 2 टक्क्यांचं मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांनी काहीच नाही. सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस साधारण सारखेच वाढलेले. जाहिराती इथेच थांबतात. पण त्यात बाई एकही नव्हती आणि नुसतं साधं तेल चोळणारा तिसरा गटही नव्हता. आपल्या माका-जास्वंदीचे चांगले निकाल तर बरेचसे उंदरांवरचे आहेत.

पहिल्याच आठवड्यात मी थेंब तसेच भांगात सोडले. डोक्याची आग आग झाली, कानामागे पुरळ उठलं. पातळ करून वापरा, असं बाटलीवर कुठेही छापलेलं नव्हतं. हा विक्रेत्याचा अक्षम्य निष्काळजीपणा आहे. तेव्हापासून 30 मिली खोबरेलात 12 थेंब, त्याहून जास्त कधीच नाही. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा. आठवड्यातून चार रात्री, बोटांच्या पेरांनी पाच मिनिटं.

दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीपाशी, भांग त्याच जागी पाडून फोटो काढायचे. चौथ्या महिन्यापर्यंत फोटो हुबेहूब सारखे. सोडून देणार होते. सातव्या महिन्यात भांगाच्या दोन्ही कडांना बारीक, उभे राहणारे केस दिसले, दोनेक सेंटिमीटरचे. कितीही चापून वेणी घातली तरी ते उन्हात चमकतात. ते पाहून मी खरंच रडले.

कपाळाच्या दोन्ही बाजूंना मात्र शून्य. शिवाय माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघालं होतं, त्यामुळे लोहाच्या गोळ्याही याच काळात चालू होत्या. सगळं श्रेय तेलाला देता येत नाही. तुम्हीही तेल आणण्याआधी रक्त तपासून घ्या.

मी भांगासाठी तेल चालूच ठेवणार आहे. कपाळाच्या बाजूंसाठी पुढच्या आठवड्यापासून मिनॉक्सिडिल सुरू करतेय.