टाटा मेमोरियलमधील पॅथॉलॉजी फेरतपासणी: एका दुर्मीळ निदानाचा अनुभव

वडिलांची लघवी तुंबल्यामुळे दुर्बिणीतून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करावी लागली. पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासणारी रक्तचाचणी) सामान्य असल्याने कर्करोगाची शंका कोणालाच नव्हती. काढलेल्या तुकड्यांत वेगळ्या पेशी दिसल्यावर पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेले ते तुकडे) परळच्या टाटा मेमोरियलमध्ये फेरतपासणीसाठी दिले. तेथे सीडी २० (बी-पेशींवरील एक प्रथिन) सह इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींवरील प्रथिने रंगवून ओळखण्याची चाचणी, करून हा प्रोस्टेटचा नेहमीचा कर्करोग म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमा नसून डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) असल्याचे निश्चित झाले. हा फरक निर्णायक होता, कारण या आजारात शस्त्रक्रिया अडथळा दूर करते आणि निदानासाठी ऊती मिळवून देते, परंतु उपचाराचा मुख्य भार आर-चॉप या अनेक औषधे एकत्र देणाऱ्या केमोथेरपीवर असतो. संपूर्ण प्रोस्टेट काढण्याची गरज सहसा पडत नाही. डॉक्टरांनी हे सारे घाई न करता मराठीतून समजावले, याचे मोल मला अहवालाइतकेच वाटते. ब्लॉकसोबत मूळ अहवाल अवश्य न्यावा.