दरड पाण्यात सोडायची आहे: ओपनफोम की ड्युअलएसपीएचफिजिक्स?

एम. टेक.च्या प्रोजेक्टला दरडीमुळे उठणारी लाट घेतलेलं कुणी ना कुणी लाट संगणकावर उठवायला या दोन सॉफ्टवेअरपैकी कोणतं, हा प्रश्न घेऊन येतंच. माळीण आपल्याच जिल्ह्यातलं, आणि पावसाळ्यात पानशेतच्या बाजूला गेलं की डोंगर जलाशयाला किती खेटून आहेत ते दिसतं. विषय का घेतला हे मी विचारत नाही. कोथरूडच्या घरी टेबलाखाली ठेवलेल्या एका मशीनवर मी दोन्ही चालवलीत. एवढ्याच भांडवलावर हे लिहितोय.

आधी ओपनफोमची बाजू, कारण पुढे माझ्या हातून तिच्यावर अन्याय होणार आहे. त्यातला इंटरफोम हा सॉल्व्हर पाण्याबरोबर हवाही सोडवतो. १९५८ साली अलास्कातल्या लिटुया उपसागरात दरड कोसळली आणि समोरच्या डोंगरावर पाणी ५२४ मीटरपर्यंत चढलं. एवढ्या वेगानं दगडमाती घुसली की तिच्या मागे पाण्यात हवेची मोठी पोकळी पडते. ती पोकळी नीट हवी असेल तर हवा गणितात लागतेच. ड्युअलएसपीएचफिजिक्स नेहमीच्या वापरात ती जागा रिकामी धरतं. शिवाय ओपनफोमचं ग्राफिक्स कार्डावाचून काही अडत नाही.

माझं घोडं अडलं ते मेशवर, म्हणजे गणितासाठी जागेचे बारीक सेल पाडणाऱ्या जाळीवर. सरावाला हाइनरिख या संशोधकाचा १९९२ चा टाकीतला प्रयोग घेतला होता: ४५ अंशांचा उतार, एक मीटर पाणी, दरडीच्या जागी अर्ध्या मीटरची त्रिकोणी पाचर, तिचा माथा पाण्याखाली जेमतेम एक सेंटिमीटर. (अख्खी पाचर म्हणजे पोरखेळ वाटेल, पण इटलीत वायोंतच्या धरणात १९६३ साली सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर बऱ्यापैकी एकसंध घसरला होता.) पाचर खाली सरकली की तिच्या टोकाशी मेशचे सेल चेपत जातात. रात्री रन लावून झोपलो. पहाटे पाहिलं तर लॉग धो धो पळतोय, पण डेल्टा-टी (टाइमस्टेप, म्हणजे गणित एका पावलात जेवढा वेळ पुढे सरकतं तो) दहाच्या उणे नवव्या घातावर आलेला. रन मेला असता तर बरं; हा जिवंत होता आणि पाचर रात्री होती तिथेच. मग ओव्हरसेट मेश करून पाहिलं, म्हणजे पाचरीभोवती वेगळी जाळी, जी मूळ जाळीवरून सरकते. पाचर सुटली, पण टाकीतलं पाणी कमी व्हायला लागलं. बंद टाकीतलं! तीन आठवडे मी मेशच शिवत बसलो. लाटेकडे बघायला वेळच झाला नाही. मेशमध्ये मुरलेल्या माणसाला हे जमत असेल, मला नाही जमलं.

ड्युअलएसपीएचफिजिक्समध्ये पाणी म्हणजे कण. पाचर त्यांच्यातून वाट काढत जाते, फाटायला काही नाहीच. एक्सएमएल फाइलमध्ये पाचर काढली, वेग दिला, आणि चहा होईपर्यंत टूडीतली पहिली लाट पडद्यावर.

उणिवा तिथेही आहेत. पाचर आणि पाणी यांच्यात साधारण कणाएवढी फट राहते. सीमेची नवी पद्धत वापरली की बरीच मिटते. दाबाचे आलेख खरखरीत येतात. थ्रीडीमध्ये कणांचं अंतर निम्मं केलं की कण आठपट आणि टाइमस्टेपही निम्मा, म्हणजे काम सोळापट, आणि कार्डाची मेमरी भरते ती वेगळीच. लांब गेलेली लाट जरा लवकर मरते, म्हणून मी दरडीजवळचा भाग यात करतो आणि पुढची लाट बुसिनेस्कवाल्या (लांब जाणाऱ्या लाटांची सोपी समीकरणं सोडवणाऱ्या) कोडकडे सोपवतो. मला तरी एवढा त्रास परवडला. एनव्हिडियाचं कार्ड मिळत असेल तर तुम्हालाही परवडावा.

गुरुवारी वीज गेली तर दोन्ही शेवटच्या सेव्हपासून पुढे चालतात, त्यावरून ठरवू नका. आणि गाइड पक्के ओपनफोमवाले असतील तर मुकाट्यानं तेच घ्या. फक्त पाचर तळाला टेकायच्या जरा आधीच थांबवा, आणि दिवा मालवण्याआधी डेल्टा-टी एकदा बघा.