कारागृहातलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर: कुठे जमतं, कुठे फसतं

जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात १९७५ साली पहिलं शिबिर झालं, तिहारमध्ये १९९३ साली. एप्रिल १९९४ मध्ये विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांनी तिहारात हजारावर बंद्यांना एकत्र साधनेला बसवलं. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जे शिकवतात तेच आतही शिकवतात, तेही मोफत. शिबिर चांगलंच आहे. फसतं ते कारागृहाच्या व्यवस्थेत.

पहाटे ४ ला घंटा, साडेचारपासून ध्यान, ११ ला जेवण, ५ ला नव्या साधकांना चहा आणि फळं, ७ ला प्रवचन. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना तटस्थपणे बघणं. मग रोज तासातासाच्या तीन बैठका न हलता. सुरुवातीपासून पाळलेलं मौन दहाव्या दिवशी सकाळी सुटतं.

पहिली अडचण संध्याकाळची. गिनती, म्हणजे बंद्यांची मोजणी, करून बराक बंद करायची वेळ आणि सहाची बैठक यांची गाठ पडते. ध्यानाची जागा दुसऱ्या सर्कलमध्ये (कारागृहाच्या वेगळ्या विभागात) असेल तर रोज वाद ठरलेला. म्हणून झोपणं, जेवणं, बसणं एकाच कुलपाच्या आत हवं, आणि गिनती नाव न पुकारता डोकी मोजून घ्यावी. आचार्य आणि धम्मसेवकही (शिबिरात मदत करणारे जुने साधक) दहा दिवस आतच मुक्कामाला हवेत.

दुसरी अडचण तंबाखू. तो सुटल्यावर पहिल्या तीन दिवसांत डोकेदुखी, चिडचिड, झोपमोड सगळं कळसाला पोचतं. नेमके तेच दिवस नुसता श्वास बघत बसायचे असतात. पळ काढणारे बहुतेक इथेच काढतात. आठवडाभर आधीपासून मात्रा कमी करायला लावली तर फरक पडतो.

निवड करताना कच्च्या कैद्यांच्या कोर्टाच्या तारखा आधी तपासा. मुलाखत (नातेवाइकांची भेट) बंद राहणार हे घरच्यांना कळवा, नाहीतर बिचारे रात्रभर प्रवास करून येतात आणि गेटवरून परत जातात. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव घेऊ नका. आणि कोणालाही बळजबरीने बसवू नका.

सगळ्यात नाजूक भाग धर्माचा. दहा दिवस पूजा, जप, नमाज, उपवास, माळ सगळं बाजूला ठेवावं लागतं. साधनेत भेसळ नको, हे कारण आम्हाला पटतं. पण आत आल्यावर माणसाकडून बाकी सगळं काढून घेतलेलं असतं. पोथी किंवा नमाजाची चटई एवढंच त्याचं स्वतःचं उरतं. ही अट सही घेण्याआधी त्याच्या भाषेत सांगितलीच पाहिजे. शिबिर रमजानात मुळीच ठेवू नका: साडेसहाचा नाश्ता आणि ११ चं जेवण रोज्याशी जुळूच शकत नाही. नवरात्रही टाळलेलं बरं.

अकराव्या दिवशी बंदी त्याच गच्च बराकीत, त्याच टीव्हीच्या आवाजात परततो. सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगितलेलं असतं, पण बसणार कुठे? झोप आणि चिडचिड यांत झालेली सुधारणा टिकते की नाही, ते इथेच ठरतं. जुन्या साधकांना एक शांत कोपरा आणि आठवड्याला एक सामूहिक बैठक मिळत नसेल, तर पुढचं शिबिर लावण्याआधी तेवढी सोय करा.