दिवस नक्की कधी राहिले? कॅलेंडर, ॲप, किट की सोनोग्राफी

आमच्या स्वयंपाकघरात दाराआड टांगलेल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते आणि कुणाच्या डोळ्यांत येऊ नये अशी एक बारीक फुली असते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुठल्याही डॉक्टर मॅडमांकडे जा, पहिला प्रश्न त्या फुलीवरच येतो, "शेवटची पाळी कधी आलेली?" दिवस कधी राहिले हे त्या विचारत नाहीत, कारण बहुतेकींना ते सांगताच येत नाही.

घोळ सुरू होतो तो इथेच. डॉक्टर 'सहा आठवडे' म्हणतात तेव्हा गर्भ साधारण चार आठवड्यांचा असतो. पहिले दोन आठवडे पाळीपासून मोजलेले असतात, तेव्हा स्त्रीबीज बाहेरही पडलेलं नसतं. माझ्या मावसबहिणीच्या सासूबाईंनी रिपोर्ट बघून बोटं मोजली होती, "लग्नाला पाच आठवडे झाले, आणि हे सहा कसले?" पाळी लग्नाच्या आठवडाभर आधीची होती, एवढंच. पण ते पटेपर्यंत घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही.

तुमची पाळी दर 27-29 दिवसांनी घड्याळासारखी येत असेल, तर कॅलेंडर पुरतं. फुलीच्या तारखेत दोन आठवडे मिळवले की गर्भधारणेचा अंदाज, नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची तारीख. 5 जानेवारीला पाळी आली असेल तर 19 जानेवारीच्या आसपास दिवस राहिले आणि तारीख 12 ऑक्टोबर. जर्मनीतल्या नेगेले नावाच्या डॉक्टरांच्या नावानं ओळखला जाणारा हा हिशेब, आणि आपल्या आज्यांचे 'नऊ महिने नऊ दिवस' त्याच्या जवळपासच बसतात.

पाळी 35 दिवसांची असेल तर मात्र हा हिशेब आठवडाभर चुकतो. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला, साधारण 14 दिवसांचा. लांबतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणजे बीज 14व्या दिवशी नाही, 21व्या दिवसाच्या आसपास सुटलं. मग 19 जानेवारीची 26 होते. शिवाय दिवस राहिल्यावर कधी कधी थोडं लाल जातं, तीच पाळी समजून बाई महिनाभर मागे राहते. अंगावर पाजत असताना किंवा गर्भनिरोधक गोळ्या बंद करून लगेच दिवस राहिले, तर फुलीवर फार विसंबू नये.

पाळीची नोंद ठेवणाऱ्या मोबाईल ॲपबद्दल माझं मत थोडं कडू आहे. ते गुलाबी ठिपका दाखवून 'ओव्ह्युलेशन', म्हणजे बीज सुटलं, असं म्हणतं, पण आत आहे ते कॅलेंडरचंच गणित. तुमच्या शरीरात काय झालं हे त्याला कळत नाही.

ओव्ह्युलेशन किट त्यापेक्षा बरं, पण ते त्याच महिन्यात वापरलेलं असायला हवं. लघवीतलं एलएच हे संप्रेरक (हॉर्मोन) वाढल्याचं ते दाखवतं आणि त्यानंतर साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटतं. पीसीओएस (हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर किट फसवू शकतं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तापमान घ्यायची पद्धतही आहे. ती पहाटे पाण्यासाठी उठणाऱ्या घरात किती चालेल, ते तुम्हीच ठरवा.

"आम्हाला ती रात्र आठवते" असं सांगणाऱ्याही भेटतात. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, बीज जेमतेम दिवसभर. तेव्हा रात्र आठवली तरी दिवस त्याच दिवशी राहिले असं नाही. रक्तातल्या बीटा एचसीजीच्या, म्हणजे दिवस राहिल्यावर वाढणाऱ्या हॉर्मोनच्या, आकड्यावरूनही तारीख काढू नका. एकाच आठवड्यात दोघींचे आकडे कितीतरी पटींनी वेगळे असतात.

राहिली सोनोग्राफी. पाळी अनियमित असेल, फुली आठवत नसेल किंवा मूल ठेवायचं की नाही हेच ठरत नसेल (गर्भपाताचा कायदाही आठवडेच मोजतो), तर मी डोळे झाकून हिलाच कौल देईन. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि त्यावरून काढलेल्या वयात पाच ते सात दिवसांचाच फरक राहतो. फक्त फार घाई करू नका. मी फुलीप्रमाणे बरोबर सात आठवड्यांनी गेले, तर पडद्यावर नुसती गर्भाभोवतीची पिशवी, आत गर्भ दिसेना. मशीनवरच्या बाई काही बोलेनात, घरी येईपर्यंत मी रडून घेतलं. अकरा दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा ठोके दिसले आणि वय निघालं सात आठवडे दोन दिवस. माझं बीजच नऊ दिवस उशिरा सुटलेलं. मॅडमांनी फुली बाजूला ठेवून तारीख नऊ दिवस पुढे लिहिली. पण पोटात एका बाजूला दुखत असेल किंवा रक्त जात असेल, तर असं थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) असेल तर यातलं काहीच लागत नाही. गर्भ कितव्या दिवसाचा गर्भाशयात सोडला हे कागदावर असतं. पाचव्या दिवसाचा असेल तर सोडल्यापासून 261 दिवसांनी बाळंतपणाची तारीख.

एक मात्र सांभाळा. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दहा दिवसांचा आणि शेवटच्या महिन्यांत तीन आठवड्यांपर्यंतचा फरक येऊ शकतो, त्यामुळे प्रत्येक रिपोर्टवर नवी तारीख छापून येते. ती बघून आठवा की नववा म्हणून घाबरू नका, ती बाळाच्या आकाराची तारीख असते. पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवा. ऐनवेळी दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं, तर तिथले डॉक्टर आधी तोच मागतील.